एका कप्प्याची दोन नावे

एखाद्या गावच्या पतपेढीत यमुना नावाच्या मुलीचे खाते आहे, अशी कल्पना करावी. तिचे लग्न होते आणि रूढीप्रमाणे सासरी तिला सावित्री हे नवे नाव मिळते. खाते तेच राहते. मात्र काही पावत्या जुन्या नावाने फाटतात, काही नव्या नावाने. सकाळी कोणी चौकशीस येते, तेव्हा कारकून तिजोरीतील जाडजूड खतावणी काढतो, यमुनेच्या नावे शंभर रुपये शिल्लक असल्याचे पाहतो आणि तो आकडा समोरच्या चिटोऱ्यावर टिपून ठेवतो. दुपारी सावित्रीबाईंच्या सहीने साठ रुपये दिले जातात व खतावणीत त्या खातेक्रमांकापुढे वजा पडतात. संध्याकाळी यमुनेची शिल्लक पुन्हा विचारली जाते. खतावणी पुन्हा काढण्याचा कारकुनाला कंटाळा येतो. चिटोरा तर समोरच असतो. तो शंभर सांगून मोकळा होतो. त्याची वजाबाकी चुकलेली नाही आणि खतावणीही बिनचूक आहे. ही दोन्ही नावे एकाच खात्याची आहेत, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

संगणकाच्या जगात या कारकुनाची जागा कंपायलर घेतो. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या सांकेतिक आज्ञांमध्ये उतरवून देणारा अनुवादक, तो कंपायलर. तो स्वतः एक आज्ञावलीच असतो. त्याच्यापुढील अवघड प्रश्न कोणते, असे विचारल्यास सामान्य वाचक लांबलचक सूत्रांकडे बोट दाखवील. प्रत्यक्षात सूत्रांचा अनुवाद बराच लवकर साधला. ज्याने आजतागायत कंपायलर रचणाऱ्यांची पाठ सोडलेली नाही, तो प्रश्न वरील कारकुनाचाच आहे.

आज्ञावलीतील अगदी साधे वाक्य घेऊ: क = क + १. बीजगणिताच्या वर्गात हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी नापासच व्हावयाचा. कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही. परंतु येथे हे समीकरण नसून आज्ञा आहे. ‘क या नावाच्या कप्प्यात जे आहे ते आण, त्यात एक मिळव, आणि आलेले उत्तर क या नावाच्या कप्प्यात ठेव,’ असा तिचा अर्थ. या क्रियेस मूल्यार्पण म्हणतात. बीजगणिताशी गोंधळ होऊ नये म्हणून अल्गॉल या भाषेच्या कर्त्यांनी बरोबरीच्या चिन्हाआधी विसर्गासारखे दोन ठिपके देण्याची प्रथा पाडली. चिन्ह कोणतेही असो, एकच अक्षर डाव्या बाजूस जागा दर्शविते आणि उजव्या बाजूस त्या जागेतील मूल्य. इंग्रज संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ साली कोपनहेगन येथे दिलेल्या व्याख्यानांत डाव्या आणि उजव्या मूल्याचा हा भेद फार स्वच्छपणे मांडला आहे.

या भेदाचे महत्त्व असे, की मूल्य नावाला मिळत नसते. ते जागेला मिळते. कंपायलर आज्ञावली वाचताना नावांची एक सूची तयार करतो आणि प्रत्येक नावापुढे संगणकाच्या स्मृतीतील एका कप्प्याचा पत्ता लिहितो. क आढळला की तो सूचीत पाहतो, पत्ता काढतो आणि ‘अमुक पत्त्यावरील मूल्य आण’ अशी यांत्रिक आज्ञा लिहितो. प्रत्येक नावाला स्वतंत्र पत्ता असेल, तर काम येथेच संपते.

पण कंपायलरकडून नुसत्या बिनचूक अनुवादाची अपेक्षा नसते. अनुवाद वेगवानही हवा असतो. मुख्य स्मृतीपर्यंत जाऊन मूल्य आणणे हे यंत्राच्या दृष्टीने तिजोरी उघडून खतावणी काढण्यासारखे आहे. म्हणून यंत्राच्या हाताशी रजिस्टर नावाचे मोजके, अतिशय जलद कप्पे असतात. चिटोऱ्याचे काम हे रजिस्टर करते. आता पुढील तीन आज्ञा पाहाव्या:

क = ५
ख = ७
ग = क + १

चांगला कंपायलर स्मृतीकडे फिरकतसुद्धा नाही. क मध्ये आताच पाच ठेवले, तेव्हा ग म्हणजे सहा, असा हिशेब तो अनुवाद करतानाच उरकतो व थेट सहा हा आकडा लिहून मोकळा होतो. परंतु क आणि ख ही जर एकाच कप्प्याची दोन नावे असली, तर दुसऱ्या आज्ञेने पाच पुसले जाऊन तेथे सात आलेले असतात, आणि खरे उत्तर आठ असते. एका कप्प्याला असे दुसरे नाव असणे, याला पर्यायनाम असणे म्हणू या. पर्यायनामाची नुसती शंका आली, तरी कंपायलरला चिटोरा फाडून पुन्हा तिजोरीकडे जावे लागते. शंका न घेता तो पुढे गेला, तर उत्तर चुकते. आणि अशा चुकीची सूचना यंत्र देत नाही.

सांगून ठेवलेली पर्यायनामे

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीतील एका लहानशा गटाने १९५४ साली काम हाती घेऊन १९५७ साली फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. आयबीएम ७०४ या ज्या यंत्रासाठी तो रचला गेला, त्याच्या स्मृतीत ४,०९६ पासून फार तर ३२,७६८ पर्यंत कप्पे असत. हजार हजार संख्यांच्या रांगा वापरणाऱ्या अभियंत्याला ही जागा चटकन संपे. म्हणून फोर्ट्रानमध्ये पहिल्यापासून ‘इक्विव्हलन्स’ नावाची एक घोषणा ठेवण्यात आली. ज्या दोन रांगांची गरज एकाच वेळी पडत नाही, त्या एकाच जागेत राहोत, असे तिने सांगता येई. एकाच खोलीत दिवसा शाळा आणि रात्री भजनी मंडळ भरावे, तशातलाच हा प्रकार.

येथे पर्यायनाम आधीच जाहीर झालेले असल्यामुळे फसगत होण्याचे कारण नव्हते. मात्र कंपायलरच्या कर्त्यापुढे एक नाजूक हिशेब येऊन पडला. समजा, आज्ञावलीत क, ख आणि ग अशा तीन रांगा आहेत. एक घोषणा सांगते, की क चा पहिला कप्पा म्हणजेच ख चा तिसरा कप्पा. दुसरी सांगते, की ख चा पहिला म्हणजेच ग चा दुसरा. क आणि ग यांच्याविषयी कोणीच काही सांगितलेले नाही. तरी त्यांचे नाते ठरून गेलेले आहे. अशा घोषणा पन्नास असतील, उलटसुलट क्रमाने असतील, आणि त्यांतील एखादी बाकीच्यांना छेद देणारीही असेल. कोणते नाव कोणत्या पत्त्यावर, हे यांतून कसे ठरवावयाचे?

मिशिगन विद्यापीठातील आर्डन, गॅलर आणि ग्रॅहम यांनी १९६१ साली यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली होती. १९६४ साली बर्नार्ड गॅलर आणि मायकेल फिशर यांनी तिच्यात अशी सुधारणा केली, की घोषणा एकदाच वाचून काम भागावे. आधीच्या पद्धतीच्या मानाने वेळात ४० टक्के बचत झाल्याचे त्यांनी नमूद केले आहे. त्यांची कल्पना वंशावळीसारखी आहे. सूचीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहावयाच्या: त्याचा वडील कोण, आणि वडिलाच्या आरंभापासून आपला आरंभ किती कप्प्यांवर आहे. पहिली घोषणा वाचताच क पुढे ‘वडील ख, अंतर २’ अशी नोंद होते. दुसरीनंतर ख पुढे ‘वडील ग, अंतर १’ अशी. ग ला वडील नाही. तो या कुळाचा मूळपुरुष. आता क कोठे आहे असे विचारल्यास वर चढत जावे आणि अंतरांची बेरीज करावी: दोन अधिक एक, म्हणजे तीन. मूळपुरुषाला २०० हा पत्ता दिला, की ख आपोआप २०१ वर आणि क २०३ वर जाऊन बसतो. ख चा तिसरा कप्पा २०३ वरच येतो, हे वाचकाने पडताळून पाहावे.

समजा, तिसऱ्या घोषणेने क चा पहिला कप्पा ग च्या पाचव्याशी जोडला. कंपायलर दोघांचे मूळपुरुष शोधतो. ते एकच निघतात. तेव्हा नवे नाते जुळविण्याचा प्रश्न उरत नाही, फक्त अंतर ताडून पाहावयाचे. वंशावळीप्रमाणे क चा पहिला कप्पा म्हणजे ग चा चौथा. घोषणा पाचवा म्हणते. ती परस्परविरुद्ध ठरते आणि आज्ञावली दुरुस्तीसाठी परत केली जाते. मूळपुरुष भिन्न निघाले असते, तर एक कूळ दुसऱ्याच्या खाली जोडले गेले असते. एवढ्याच दोन क्रिया. पुढे वंशावळ फार उंच वाढू नये म्हणून काही युक्त्या तिच्यात जोडल्या गेल्या, आणि त्यांसह ही रीत जवळजवळ घोषणांच्या संख्येच्याच प्रमाणात वेळ घेते, हे रॉबर्ट टार्जन यांनी १९७५ साली गणिताने दाखवून दिले. फोर्ट्रानच्या एका किरकोळ सोयीसाठी निघालेली ही युक्ती आज संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविली जाते. तिचे जन्मस्थान मात्र फारसे कोणी सांगत नाही.

जाहीर न केलेली नावे

फोर्ट्रानच्या १९५८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत उपआज्ञावल्या आल्या, आणि त्यांच्यामागोमाग न सांगितलेली पर्यायनामे शिरली. मुख्य आज्ञावली उपआज्ञावलीला मूल्य देत नसे, कप्प्याचा पत्ता देत असे. एकच कप्पा दोन जागी दिला, तर आतील दोन निरनिराळी नावे एकाच जागेची होत, आणि उपआज्ञावलीचा स्वतंत्रपणे अनुवाद करणाऱ्या कंपायलरला त्याचा सुगावाही लागत नसे. भारतात कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ साली आलेल्या आयबीएम १६२० यंत्रावर ज्यांनी फोर्ट्रानचे पहिले धडे गिरविले, त्या पिढीला या भाषेच्या खोडी चांगल्या परिचयाच्या होत्या. त्यांतील सर्वांत गमतीची खोडी स्थिरांकांची. काही जुने कंपायलर दोन ही संख्याही एका कप्प्यात ठेवून देत आणि आज्ञावलीत जेथे जेथे दोन येईल तेथे त्याच कप्प्याचा पत्ता वापरीत. आपल्याला मिळालेल्या संख्येत एक मिळविणाऱ्या उपआज्ञावलीला कोणी चुकून ‘२’ दिले, की त्या कप्प्यात तीन जाऊन बसे. त्यापुढे त्या आज्ञावलीत दोन म्हणजे तीन! अंकगणितच बदलल्यावर चूक कोठे शोधावयाची?

१९६६ सालच्या अमेरिकन मानकाने यावर जो तोडगा काढला, तो कंपायलरच्या सोयीचा होता. दोन औपचारिक नावे एकाच कप्प्याची होत असतील, तर उपआज्ञावलीत त्यांपैकी कोणालाही नवे मूल्य देऊ नये, असा नियम झाला. नियम पाळला गेला की नाही हे पाहण्याचे बंधन कंपायलरवर नव्हते. तो पर्यायनामे नाहीतच असे समजून चाले. फोर्ट्रानमधील गणिते दीर्घकाळ इतर भाषांपेक्षा वेगाने होत राहिली, त्याच्या कारणांत हे एक महत्त्वाचे कारण आहे. तो वेग आज्ञावली लिहिणाऱ्याच्या शब्दावर उभा होता.

अल्गॉल ६० ने याच्या नेमकी उलट वाट धरली. तेथे उपआज्ञावलीला दिलेले पद जसेच्या तसे आत नेले जाई आणि दर वापराच्या वेळी नव्याने मोजले जाई. याचा परिणाम अदलाबदलीसारख्या साध्या कामात दिसतो. च मध्ये १ आहे आणि रांगेच्या पहिल्या कप्प्यात ३. या दोघांची अदलाबदल करावयाची आहे. प्रथम च ची प्रत बाजूला ठेवली, मग च मध्ये ३ आणले, आणि शेवटी बाजूला ठेवलेला १ ‘रांगेच्या च क्रमांकाच्या कप्प्यात’ टाकावयास गेलो. पण च आता तीन झाला आहे! एक जाऊन पडतो तिसऱ्या कप्प्यात, आणि पहिला तसाच राहतो. डाव्या बाजूची जागा केव्हा निश्चित करावयाची, हा मूल्यार्पणातील प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

पुढे १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत आकारास आलेल्या सी भाषेने पत्त्यालाच मूल्याचा दर्जा दिला. पत्ता साठवावा, त्यात बेरीज करावी, तो दुसऱ्याला द्यावा. अशा पत्ताधारक चलाला पॉइंटर म्हणतात. आता कोणत्याही दोन पॉइंटरांनी एकच कप्पा दाखविणे शक्य झाले. कंपायलरने संपूर्ण आज्ञावली वाचून हे शोधून काढावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु विल्यम लँडी यांनी १९९२ साली आणि जी. रामलिंगम यांनी १९९४ साली सिद्ध केले, की आज्ञावलीतील सर्व वाटा चालण्याजोग्या आहेत असे गृहीत धरले, तरीसुद्धा या प्रश्नाचे नेहमी अचूक उत्तर देणारी रीत असूच शकत नाही. कंपायलर ‘नक्की भिन्न’ किंवा ‘कदाचित एक’ असे सांगू शकतो. आणि ‘कदाचित’ म्हटले, की चिटोरा फाडणे आले.

तेव्हा हे ‘कदाचित’ कमी करणे एवढेच हाती राहते. डेन्मार्कचे लार्स अँडरसन यांनी १९९४ साली एक बारकाईची पण वेळखाऊ पद्धत दिली. १९९६ साली ब्यार्ने स्टीन्सगार्ड यांनी थोडी स्थूल परंतु अतिशय जलद पद्धत दिली. एका पॉइंटरचे मूल्य दुसऱ्याला अर्पण झाले, की दोघे ज्यांच्याकडे बोट दाखवू शकतात ते सर्व कप्पे एका कुळात घालावयाचे. कुळे जुळविण्याची युक्ती तीच, मूळपुरुषांची. इक्विव्हलन्सच्या घोषणांसाठी वापरलेले साधन बत्तीस वर्षांनी अघोषित नावांच्या शोधाला कामी आले. मुंबईच्या आय.आय.टी.तही या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा आज्ञावलीतील माहितीच्या प्रवाहाच्या विश्लेषणावरील ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

ज्या चलाचा पत्ता कोणालाही दिलेला नाही, त्याच्याबाबत मात्र कंपायलर निर्धास्त असतो. तेथे तो उलटी युक्ती करतो: एका नावाला अनेक नावे करतो. क ला जितक्या वेळा मूल्य मिळेल, तितकी नवी नावे पाडावयाची: क-१, क-२, क-३. प्रत्येक नावाला आयुष्यात एकदाच मूल्य मिळते, त्यामुळे कोणते मूल्य कोठून आले याविषयी संशय राहत नाही. दोन वाटा जेथे एकत्र येतात, तेथे ‘ज्या वाटेने आलास तिचे मूल्य घे’ असे सांगणारी एक काल्पनिक क्रिया लिहितात. ग्रीक अक्षरावरून तिला फाय म्हणतात. आयबीएममधील रॉन सायट्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ही मांडणी झपाट्याने तयार करण्याची रीत दिली, आणि आजचे बहुतेक मोठे कंपायलर ती वापरतात.

शब्द कोणी द्यावयाचा

सी भाषेच्या मानकात फोर्ट्रानसारखे अभिवचन आणावे, असा प्रयत्न १९८८ च्या सुमारास झाला. ‘नोएलियास’ असा एक शब्द सुचविण्यात आला होता. भाषेचे जनक डेनिस रिची यांनी मार्च १९८८ मध्ये त्याला इतका कडाडून विरोध केला, की तो मसुद्यातून वगळावा लागला. त्याच हेतूचा, पण अधिक काळजीने आखलेला ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द १९९९ च्या मानकात आला.

अभिवचन मोडले तर काय होते, याचा एक अनुभव २०१० सालचा आहे. एका ठिकाणचे कप्पे दुसरीकडे उतरवून घेणारी ‘मेमकॉपी’ ही सी मधील उपआज्ञावली दोन्ही जागा परस्परांत शिरलेल्या नसाव्यात या अटीवर चालते. लिनक्स प्रणालीवरील तिची जुनी घडण पुढून मागे जात असे, आणि अट मोडली तरी पुष्कळदा निभावून जाई. त्या वर्षी काही नव्या प्रक्रियकांसाठी ती वेगवान करण्यात आली व मागून पुढे उतरवू लागली. लगेच संकेतस्थळांवरील चलच्चित्रांचा आवाज अनेकांच्या संगणकांवर खरखरू लागला. चित्रे दाखविणारे एक सर्वपरिचित साधन वर्षानुवर्षे ही अट मोडीत आले होते. दोष नव्या घडणीचा की जुन्या बेपर्वाईचा, यावर मोठा वाद झाला. मानकाच्या शब्दांकडे पाहिले, तर नवी घडण निर्दोष होती; पण ज्याच्या संगणकातून खरखर येत होती, त्याला त्याचे काय समाधान?

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेने अभिवचन माणसाच्या मर्जीवर ठेवले नाही. एखाद्या कप्प्याकडे वाचण्यासाठी कितीही जणांनी पाहावे. परंतु ज्याला तेथे लिहावयाचे आहे, त्याच्याजवळ तेवढ्या काळापुरते एकट्याचेच नाव असले पाहिजे. हा नियम कंपायलर स्वतः तपासतो आणि मोडलेला आढळल्यास अनुवादच नाकारतो. जेथे ही तपासणी मुद्दाम शिथिल करावी लागते, तेवढे भाग लिहिणाऱ्याने वेगळी खूण करून दाखवावे लागतात.

यानंतर तरी वेग विनासायास मिळावा, अशी अपेक्षा होती. रस्टचा कंपायलर यंत्राज्ञा रचण्याचे शेवटचे काम एलएलव्हीएम या सामायिक साधनाकडे सोपवितो. ‘या नावाला पर्यायनाम नाही’ ही खात्री त्याच्याकडे धाडण्यास सुरुवात होताच चुकीची उत्तरे येऊ लागली. शोध घेता दोष एलएलव्हीएमच्याच पोटात सापडले. सी भाषेत लिहिणारे ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द इतका क्वचित वापरीत, की त्या मार्गावरील चुका आजवर कोणाच्या पायाखालीच आल्या नव्हत्या. खात्री धाडणे थांबवावे लागले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. २०२१ सालच्या १.५४ या आवृत्तीपासून ते पुन्हा सुरू करण्यात आले.